मी आत, हे बाहेर

आमच्या संसाराला तीस वर्षं उलटून गेली, पण आमचे हे एकदाही माझ्यासोबत सभागृहात येऊन बसले नाहीत. शहरात कुणी लेखक येणार असला की मला नेणार हेच आणि आणणारही हेच. आधी सायकलवर डबलसीट, मग स्कूटरवर, आता गाडीतून. पण दारापाशी आलो की ठरलेलं बोलणं, "तू जाऊन ये. मी हाय इथं." आणि समोरच्या चहाच्या टपरीवरच्या बाकड्यावर जाऊन बसणार.

यात रागलोभाचं काही नव्हतं. यांची वाळूजच्या कारखान्यातली नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी गंगापूरकडची शेती. ऊस आणि कापूस. पुस्तक हातात घेतलं की दुसऱ्या पानावर डोळे मिटायचे. मी मात्र तालुक्याच्या वाचनालयातली कपाटं संपवून मगच लग्नाला उभी राहिलेली. पुढं सरकारी कचेरीत कारकून झाले, तिथंही जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी पुस्तक असायचंच. यांनी मला कधी वाचू नको म्हटलं नाही आणि मी यांना कधी वाचा म्हटलं नाही. तेवढ्यावर आमचं बरं चाललं होतं.

मला लेखक वाचायला आवडतात तसे बघायलाही आवडतात. काही लोकांना यात पोरकटपणा वाटतो. माझी एक मैत्रीण म्हणायची की आंबा खावा, झाड बघायला कशाला जावं. पण मी जाते. ज्या माणसानं आपल्याला आठ-आठ दिवस अस्वस्थ केलेलं असतं, तोच माणूस व्यासपीठावर पाण्याच्या बाटलीचं झाकण निघत नाही म्हणून कावराबावरा होतो, हे मला बघावंसं वाटतं. सूत्रसंचालक त्यांची लांबलचक ओळख करून देत असताना ते कुठं बघतात, हेही मी बघते. बहुतेक जण स्वतःच्या चपलांकडं बघतात. एक जण होते, ते गळ्यातला हार काढून नीट घडी करून खुर्चीखाली ठेवायचे, जणू घरी न्यायचाय. मी कडेची, मधल्या वाटेजवळची खुर्ची धरते. खळ घालून इस्त्री केलेली साडी, पिशवीत कव्हर घातलेलं पुस्तक. प्रश्न विचारत नाही. सही घेते आणि निघते. एका मोठ्या कवींनी मी दोनदा नाव सांगूनही पुस्तकावर दुसऱ्याच कुणा बाईचं नाव लिहून दिलं. ते पुस्तक अजून माझ्या कपाटात आहे. त्या बाईच्या वाटणीचं प्रेम मला मिळालं, असं मी धरून चालते.

बाहेर यांचं काय चालतं याचा मी बरीच वर्षं विचारच केला नव्हता. टपरी एका चाचांची होती. त्यांना आत कोण आलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं, पण प्रत्येक लेखकाबद्दल त्यांचं मत मात्र तयार असायचं. कार्यक्रम कंटाळवाणा असला की लोक एकेक करून उठून चहाला येत आणि चाचांचा धंदा जोरात चाले. एकदा मी भारावल्यासारखी बाहेर आले, तर ते मला म्हणाले, "भाबी, आज का पाव्हना लई अच्छा था. पूरा दूध बच गया मेरा."

यांच्या बाकड्यावर लेखक येऊन बसतात हे मला कळलं ते मी एका लेखकावर चिडून बाहेर आले तेव्हा. त्यांच्या कादंबऱ्यांवर माझा फार जीव होता. गरिबांविषयी, अपमान गिळणाऱ्या माणसांविषयी ते असं लिहायचे की पुढचं पान उलटवत नसे. त्या दिवशी ध्वनिक्षेपक खरखरला म्हणून ते माइकवाल्याला सगळ्यांदेखत वाट्टेल तसं बोलले. माझं मन विटलं. मी सही न घेताच बाहेर आले आणि गाडीवर मागं बसून घरापर्यंत तेच बोलत राहिले. क्रांती चौकात सिग्नलला हे म्हणाले, "चष्मा, पांढरी दाढी, खादीचा झब्बा?" मी म्हटलं, हो. तर म्हणाले, "त्याचं पोट बिघडलेलं व्हतं गं. सुरू व्हायच्या आधी मलाच विचारलं, मेडिकल कुठंय. मी गोळ्या आणून दिल्या. घामानं भिजला व्हता बिचारा." घरी येऊन मी त्यांचं पुस्तक परत कपाटात ठेवलं. माइकवाल्याचं वाईट वाटायचं ते वाटलंच, पण त्या लेखकाला वाचणं काही सुटलं नाही.

आता ज्यांच्याबद्दल सांगायचंय त्या बाई. सगळे वाचक त्यांना नुसतं बाई म्हणतात.

त्यांची पहिली गोष्ट मी वाचली ती एका दिवाळी अंकात. लग्न नवीन, गारखेड्यात भाड्याच्या दोन खोल्या, आणि अंक शेजारणीकडून मागून आणलेला. गोष्ट लहानशी होती. एका बाईची आई वारते. भावांमध्ये वाटण्या होतात आणि हिच्या वाट्याला आईची एक गोधडी येते, आईच्या जुन्या लुगड्यांची, आईनंच शिवलेली. ती घेऊन बाई एसटीनं सासरी निघते. वाटेत गोधडीतलं एकेक लुगडं तिला ओळखू येतं, कुठलं कधीचं, कुणी घेतलेलं. आणि तिचं गाव येतं तेव्हा ती गोधडी सीटवर तशीच ठेवून खाली उतरते. मागं वळून बघत नाही. गोष्ट संपते.

का सोडली असेल तिनं, हा प्रश्न मला तेव्हापासून होता. मी माझी उत्तरं करत गेले. आधी वाटलं, ती मोकळी झाली. पुढं माझी आई गेल्यावर गोष्ट परत वाचली तेव्हा मला त्या बाईचा राग आला. मी माझ्या आईचा साधा नाडीचा बटवासुद्धा जपून ठेवलेला, आणि ही खुशाल गोधडी सोडून उतरते. आणखी काही वर्षांनी वाटलं की तिला ते ओझं सासरच्या घरात उलगडायचंच नव्हतं. बाई आमच्या शहरात येत तेव्हा मी दर वेळी हा प्रश्न मनात घोळवून जायची आणि दर वेळी नुसती सही घेऊन परत यायची. एवढ्या मोठ्या बाईला एवढ्या लोकांत काय विचारायचं, असं व्हायचं.

मग बाईंचे यजमान गेले. पेपरात दोन ओळींची बातमी होती. त्यानंतर बाईंनी कार्यक्रम घेणं बंद केलं. त्यांचं नवीन काही छापूनही येईना. मागच्या हिवाळ्यात आमच्या वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदम निमंत्रण आलं. बाई शहरात भाचीकडं मुक्कामाला येणार होत्या आणि एक संध्याकाळ वाचकांसाठी देणार होत्या. मी त्या दिवशी सकाळपासून काय काय केलं ते सांगत बसत नाही. यांनी एवढंच विचारलं की मुलगी बघायला जायचंय का.

सभागृह भरलं. वेळ झाली तरी बाई येईनात. आयोजक आतबाहेर करत होते. सूत्रसंचालकानं दोनदा सांगितलं की बाई वाटेत आहेत. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या की तब्येत बरी नसेल, रद्द होतंय बहुतेक. मी सारखी मान वळवून दाराकडं बघत होते. आणि तेवढ्यात मागच्या दारानं नाही, समोरच्या मुख्य दारानं, लोकांमधून वाट काढत बाई एकट्याच चालत आल्या. अंगावर शाल, खांद्याला शबनम. आयोजक धावले. मी उभी राहिले.

त्याआधी बाहेर काय झालं हे मी नंतर दोघांकडून ऐकलं. थोडं यांनी सांगितलं, थोडं बाईंनी. दोघांच्या सांगण्यात फरक आहे, पण फार नाही.

भाचीनं बाईंना दारात उतरवलं आणि ती गाडी लावायला जागा शोधत पुढं गेली. बाई आत जायच्या त्या गेल्याच नाहीत. टपरीवर येऊन बाकड्यावर बसल्या आणि बिनसाखरेचा चहा मागितला. हे शेजारीच बसलेले. दोघांच्या डोक्यावर बाईंचा भलामोठा फोटो असलेलं बॅनर, पण तो फोटो बाईंच्या काळ्या केसांचा. बाईंनी विचारलं, कुणाची वाट बघताय. हे म्हणाले, आमची मंडळी आत हायेत. बाईंनी विचारलं, तुम्ही नाही गेलात? तर म्हणाले, आपल्याला त्यातलं कळत नाय. बाई म्हणाल्या, माझेही असेच बाहेर बसायचे. यांना वाटलं, बाईंचे यजमान कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर असतील. यांनी विचारलं, आता नाही येत का. बाई म्हणाल्या, आता नाहीत.

बाईंचा चहा गार झाला. नंतर बाई म्हणाल्या की आज आत जावंसंच वाटत नाही. आमच्या यांनी जे उत्तर दिलं ते त्यांच्या मते अगदी साधं होतं. ते म्हणाले, "मग नका जाऊ, आक्का. बसा इथंच. आमची मंडळी दर बारीला जाती आन येताना एक शब्द बोलत नाय. पण त्या दिवशी घरात भांडण होत नाय. मला तेवढंच पुरं." बाईंना हसू आलं. हे पुढं बोलतच राहिले. म्हणाले, आज तर सकाळपासून घरात सण हाय. कुणी एक बाई येणारय म्हणं, लई दिवसांनी. ती आली नाय तर मात्र माझी कंबक्ती हाय.

बाई उठल्या. म्हणाल्या, चला, तुमच्या मंडळींना उशीर होतोय. यांना वाटलं, श्रोत्यांत बसायला चालल्यात. पायरीचा एक दगड हलत होता, म्हणून यांनी हात दिला आणि पायऱ्या चढवून वर सोडलं.

मला आत यातलं काहीच माहीत नव्हतं. बाई व्यासपीठावर बसल्या. ओळख झाली, सत्कार झाला. त्यांनी माइक हातात घेतला. पुस्तक उघडलं नाही. खाली बघून, घरातल्या घरात बोलावं तशा त्या बोलायला लागल्या.

"माझे यजमान माझ्या एकाही कार्यक्रमाला आत येऊन बसले नाहीत. बाहेर बसायचे. ते बाहेर आहेत एवढं ठाऊक असलं की मला आत बोलता यायचं. आज बाहेर कुणी नाही असं मनात धरून आले होते. तर बाहेर एक गृहस्थ बसलेले होते. ते माझी वाट बघत नव्हते, पण कुणाची तरी बघत होते. तेवढ्यावर मी आत आले."

मग बाईंनी त्या गृहस्थांचं बोलणं सांगितलं. मंडळी कार्यक्रमाहून येते त्या दिवशी घरात भांडण होत नाही, मला तेवढंच पुरं. लोक खळखळून हसले. माझ्या शेजारच्या बाईंनी तर डोळे पुसले. माझे मात्र कान तापले. हे वाक्य मी नणंदेच्या घरी ऐकलं होतं, दिराच्या घरी ऐकलं होतं, दोन-चार लग्नांच्या पंगतीतही ऐकलं होतं. असं बोलणारा दुसरा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगायचं तर हेवा वाटला. इतकी वर्षं मी कडेची खुर्ची धरून बसत होते, आणि ज्यांना बाईंचं नावही ठाऊक नाही ते त्यांच्या शेजारी बसून चहा पिऊन मोकळे. मग बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि हेवा कुठं गेला कळलं नाही. आवाज थकलेला होता, पण शब्द तेच होते. त्या वाचत होत्या आणि माझे ओठ हलत होते.

सहीच्या रांगेत मी शेवटची उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा गोधडीचा प्रश्न जिभेवर होता, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. मी म्हटलं, "बाहेर बसलेले ते... आमचेच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाल्या, "चला, मला त्यांना सांगायचंय, मी कोण ते."

आम्ही बाहेर आलो तेव्हा हे चाचांशी कापसाच्या भावावर बोलत होते. मी सांगितलं की याच त्या बाई. हे उठून उभे राहिले. एकदा बाईंकडं बघितलं, एकदा वर बॅनरकडं. म्हणाले, "फोटो लई जुना हाय, आक्का."

"माणूसही जुनंच आहे," बाई म्हणाल्या.

आमच्याकडं पाहुण्याला काय म्हणावं सुचलं नाही की जेवायला बोलावतात. यांनी तेच केलं. म्हणाले, शेतात ज्वारी हुरड्याला आलीय, सोमवारी या. मला वाटलं, बाई हसून नाही म्हणतील. भाची तेवढ्यात आली होती, तीही म्हणाली की एवढा प्रवास झेपायचा नाही. बाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि यांना विचारलं, किती वाजता न्यायला येता.

रविवार माझा धावपळीत गेला. लसणाची चटणी केली, शेंगदाण्याची केली, दही विरजलं. मधूनमधून यांच्यावर उखडत होते. एवढा वेळ शेजारी बसलात आणि काहीच कसं विचारलं नाहीत? हे म्हणाले, "काय विचारायचं व्हतं?" खरंच, दुःखात बसलेल्या बाईला काय विचारायचं होतं?

सोमवारी सकाळी बाई पुढच्या सीटवर बसल्या, मी मागं. वाळूजपर्यंत रहदारी, पुढं उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, डोंगरासारख्या भरलेल्या. बाई विचारत होत्या आणि हे सांगत होते. पाणी किती फुटांवर, कापूस वेचायला माणसं मिळतात का, ज्वारी आता कोण करतं. बाई लेखिका म्हणून विचारत नव्हत्या, त्यांच्या माहेरचंही असंच काहीतरी असावं. मी मागं बसून ऐकत होते. मनात तयार केलेलं सगळं मनातच राहिलं.

शेतात दिरानं आगटी पेटवून ठेवली होती, म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा. तो पाण्याच्या पाळीला निघून गेला. आम्ही तिघं बाभळीच्या सावलीत सतरंजीवर बसलो. हे गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजायचे, गरम गरम हातावर चोळायचे आणि दाणे बाईंच्या ताटलीत टाकायचे. बाईंनीही एक कणीस चोळून बघितलं, हात भाजला, तरी सोडलं नाही.

तिथं मी शेवटी विचारलं. म्हटलं, बाई, त्या गोष्टीतली बाई गोधडी का सोडते?

बाई हसल्या आणि म्हणाल्या, वाचक वेगवेगळे अर्थ लावतात, तुम्हाला काय वाटतं? हे उत्तर मी त्यांना व्यासपीठावरून दोनदा देताना ऐकलेलं होतं. माझा चेहरा पडला असावा. कारण त्या लगेच म्हणाल्या, पुस्तक आणलंय का, वाचा तुम्हीच, मी किती वर्षांत ऐकली नाही ती.

मी वाचायला बसले. आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. गोष्ट लिहिणारी समोर, आणि जन्मात गोष्ट न ऐकलेला नवरा शेजारी. यांना उठून जायला तिथं बाहेर असं काही नव्हतंच, सगळंच बाहेर. हे विस्तव सारखा करत ऐकत होते. लुगड्यांचं वर्णन आलं तेव्हा त्यांचा हात थांबला. मी शेवटपर्यंत वाचलं आणि पुस्तक मिटलं.

हे म्हणाले, "कंडक्टरनं हाक मारली असती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी डोळ्यांनी खुणावलं, पण यांचं लक्ष नव्हतं. म्हणाले, "एवढी मोठी गोधडी सीटवर राह्यली तर गाडी हलत नाय, आक्का. कुणीतरी वरडतंयच. ओ बाई, तुमची गोधडी राह्यली म्हणून."

बाईंनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

"नाही मारली हाक," त्या म्हणाल्या. "मी उभी होते ना तिथं. धूळ खाली बसेपर्यंत उभी होते. कुणीच हाक मारली नाही."

मग त्यांनी सांगितलं. कडेवर मूल, हातात ट्रंक, लाडवांचा डबा. गाडी भरलेली, मागचे लोक ढकलत होते. त्या उतरल्या, मूल सांभाळलं, सामान मोजलं, आणि गाडी हलली तेव्हा लक्षात आलं की गोधडी वरच राहिली. आईची तेवढी एकच वस्तू त्यांच्या वाट्याला आली होती. यजमान कितीतरी दिवस सायकलवरून डेपोत चकरा मारत राहिले. शेवटी तिथल्या माणसाला दया आली आणि त्यानं कुणाची तरी राहिलेली एक चादर त्यांच्या हातात दिली. ती घेऊन ते घरी आले. बाई त्यांच्यावर ओरडल्या. इतक्या ओरडल्या की मूल घाबरून रडायला लागलं.

"आईची गोधडी मी विसरले, हे कुणाला सांगायचं?" बाई म्हणाल्या. "म्हणून गोष्टीत तिनं मुद्दाम सोडली. मुद्दाम सोडली म्हटलं की जरा बरं वाटतं."

आगटीत एक गोवरी ढासळली. यांनी ती काठीनं सरळ केली आणि विचारलं, "त्यांनी वाचली का मग ती गोष्ट?"

"वाचली. चांगली झालीय म्हणाले. डेपोचं कधीच काढलं नाही त्यांनी. शेवटपर्यंत नाही."

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, पण त्याचा आनंद झाला नाही. मी एवढी वर्षं त्या गोष्टीतल्या बाईचा विचार करत होते. डेपोतून परकी चादर घेऊन येणारा माणूस मला ठाऊकच नव्हता, आणि आता मला तोच दिसत होता, सायकल भिंतीला लावताना. बाई डोळे पुसत नव्हत्या. त्या यांच्याकडं बघून म्हणाल्या की तुमचं बरोबर आहे भाऊ, हाक मारायला हवी होती कुणीतरी. हे म्हणाले, गर्दीत नसंल दिसली. आणि नवं कणीस चोळायला घेतलं.

त्यानंतर गोष्टींचा विषय निघाला नाही. आम्ही पोटभर हुरडा खाल्ला. बाईंनी दह्याची वाटी दोनदा मागितली. मग त्या बाजेवर आडव्या झाल्या आणि उन्हं कलेपर्यंत गाढ झोपल्या. मी बांधावर बसून यांना विचारलं, तुम्हाला आवडली का गोष्ट. हे म्हणाले, "तू वाचली म्हणून ऐकली." थोड्या वेळानं म्हणाले, "ते निळ्या काठाचं लुगडं लई चांगलं सांगितलं तिनं."

परतताना वाटेत बाईंनी उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाशी गाडी थांबवायला लावली. डॉक्टरांनी तुमचं गोड बंद केलंय असं भाचीनं सांगितलंय, असं मी म्हणून बघितलं, त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. आम्ही बाकावर बसलो होतो, तेवढ्यात स्कूटीवरून दोन मुली आल्या. कॉलेजच्या असाव्यात. त्यातली एक बाईंकडं निरखून बघायला लागली आणि धीर करून जवळ आली. म्हणाली, "तुम्ही त्याच ना? आम्हाला शाळेत तुमचा धडा होता."

"आवडला होता?" बाईंनी विचारलं.

मुलगी जरा घुटमळली. "परीक्षेला हमखास यायचा," ती म्हणाली.

बाई इतक्या हसल्या की रसाचा ग्लास हिंदकळला. मुलींनी फोटो मागितला. बाईंनी मलाही ओढून शेजारी उभं केलं, यांनाही हाक मारली. हे आले, पण फोटोत यांचा फक्त अर्धा खांदा आलाय.

फोटो बघता बघता त्या मुलीनं मला विचारलं, "तुम्ही पण लेखिका आहात का?"

"नाही," मी म्हटलं. "मी वाचते."

तिनं मान डोलावली आणि रसवाल्याला दोन ग्लास सांगितले, एक बिनबर्फाचा. ऊस चरकात गेला. बाई आमच्या यांना विचारत होत्या, हा कुठल्या जातीचा ऊस, आणि हे उठून चरकाजवळ जाऊन एक कांडं हातात घेऊन त्यांना दाखवायला आणत होते.